‘आरोपीला काही सांगायचं आहे का?’ : युद्धगुन्ह्यांचे खटले, माफी आणि शिक्षेची वर्षं

युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांबद्दल बोलायला घेतलं की एक प्रश्न हमखास येतो. शेकडो माणसं मारण्यात ज्याचा हात होता तो माणूस कोर्टात उभा राहतो, चार वाक्यं बोलतो, डोळे पुसतो, माफी मागतो आणि त्याची शिक्षा कमी होते, असं खरंच होतं का? आणि होत असेल, तर गेलेल्यांच्या घरच्यांनी ते कसं ऐकून घ्यायचं?

होतं. मात्र नुसत्या चार वाक्यांनी होत नाही. गेल्या तीसेक वर्षांतले निकाल वाचताना मला असं दिसतं की निवेदनाची किंमत निवेदनात नसते. त्या माणसाने त्याच्या आधी आणि नंतर कोर्टाच्या हातात काय ठेवलं, त्यावर ती ठरते. कोर्टाने एकदा शब्दांवर जास्तच विश्वास टाकला, तेव्हा काय झालं तेही आज बघू. काही तपशील जड आहेत, आधीच सांगून ठेवते.

सुरुवातीला थोडा कायदा, कंटाळा येणार नाही इतकाच. आरोपी कोर्टात दोन प्रकारे बोलू शकतो. एक, साक्षीदार म्हणून शपथ घेऊन. मग उलटतपासणी आली, खोटं बोललं तर त्याची वेगळी शिक्षा आली. दुसरा प्रकार निवेदनाचा. शपथ नाही, उलटतपासणी नाही. न्यायाधीशांसमोर उभं राहून जे सांगायचं ते सांगायचं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या रोम संविधीवर चालतं, तिच्या कलम ६७ मध्ये हा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. आपल्याकडेही दोषी ठरवल्यानंतर शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम २३५(२) होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते २५८ झालंय. म्हणजे ‘काही सांगायचं आहे का’ हा प्रश्न आपल्याला परका नाही.

फरक पुढे आहे. आपल्या दंडविधानात प्रत्येक गुन्ह्यापुढे शिक्षा छापलेली असते. खुनाला जन्मठेप किंवा फाशी, चोरीला अमुक वर्षांपर्यंत, असं. हेगच्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणात तसं कोष्टकच नव्हतं. किमान शिक्षा नाही, कमाल जन्मठेप. मधलं सगळं मैदान न्यायाधीशांचं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातही ३० वर्षांपर्यंत कितीही, किंवा अतिगंभीर प्रकरणात जन्मठेप. फाशी दोन्हीकडे नाही. मैदान इतकं मोकळं असलं की छोट्या गोष्टींनाही वजन येतं.

वजन तोलताना पहिलं पारडं गुन्ह्याच्या गांभीर्याचं. ते जवळजवळ नेहमीच भारी असतं. मग शिक्षा वाढवणाऱ्या बाबी येतात, त्या संशयापलीकडे सिद्ध व्हाव्या लागतात. आणि मग सौम्य करणाऱ्या बाबी, ज्यांना इतका कडक पुरावा लागत नाही. ‘असं असण्याची शक्यता जास्त’ इतकं पुरतं. या तिसऱ्या गटात आपण बोलताना ज्याची सरमिसळ करतो अशा तीन गोष्टी कोर्ट वेगवेगळ्या मोजतं: गुन्हा कबूल करणं, तपासाला मदत करणं आणि पश्चात्ताप. निवेदनातून थेट सिद्ध होऊ शकतो तो फक्त तिसरा. आणि एक महत्त्वाचं: आरोपी गप्प राहिला म्हणून शिक्षा वाढवता येत नाही. गप्प राहणं हा त्याचा हक्क आहे. त्याच्या गप्प राहण्याने फार तर सवलतीचा एक दरवाजा बंद राहतो.

आता माणसांकडे येऊ.

१६ जुलै १९९५. स्रेब्रेनित्सा पडून पाच दिवस झाले होते. बोस्नियातल्या पिलित्सा गावाजवळ ब्रान्येवो नावाचं लष्कराचं शेत होतं. तिथे बसमागून बस येत होती. बसमधून बोस्नियाई मुस्लिम पुरुषांना दहा-दहाच्या गटाने उतरवायचं, शेतात नेऊन पाठमोरं उभं करायचं आणि गोळ्या घालायच्या. हे काही तास चाललं. गोळ्या घालणाऱ्यांत द्राझेन एर्देमोविच नावाचा २३ वर्षांचा सैनिक होता. स्वतः क्रोएट, पण बोस्नियन सर्बांच्या सैन्यातल्या एका तुकडीत. त्याच्या अंदाजाने त्या दिवशी तिथे सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि त्यातली सत्तरएक त्याच्या हातून.

हे आकडे आपल्याला कुठून कळले? त्याच्याच तोंडून. हा मुद्दा धरून ठेवा.

३१ मे १९९६ ला तो हेगला न्यायाधीशांसमोर उभा राहिला आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा आरोप त्याने कबूल केला. आणि लगेच म्हणाला की मला हे करावंच लागलं. मी नकार दिला तेव्हा मला सांगण्यात आलं की त्यांची इतकी दया येत असेल तर तूही त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहा. मला माझी भीती नव्हती, बायको होती आणि नऊ महिन्यांचं मूल होतं.

वकिली कान असलेल्यांना इथे लगेच खटकेल. ‘गुन्हा कबूल’ म्हणायचं आणि त्याच दमात ‘माझा इलाज नव्हता’ म्हणायचं. ही कबुली की बचाव? या काही वाक्यांनी न्यायाधिकरणाला जवळजवळ दोन वर्षं कामाला लावलं. नोव्हेंबर १९९६ मध्ये त्याला १० वर्षं झाली. त्या न्यायाधिकरणाने सुनावलेली ही पहिलीच शिक्षा. अपिलात पाच न्यायाधीशांपुढे प्रश्न आला की जिवाच्या धाकाखाली निरपराध माणसांना मारलं, तर तो पूर्ण बचाव होऊ शकतो का? होत असेल, तर ती कबुली कबुलीच नव्हती. तिघे म्हणाले, नाही होऊ शकत. असा धाक शिक्षा कमी करताना मोजा, दोष पुसताना नाही. दोघे विरुद्ध गेले, त्यात अध्यक्ष अंतोनियो कासेसे. कासेसेंचा युक्तिवाद मी कितीदा तरी वाचलाय. याने नकार दिला असता तरी ती माणसं मरणारच होती, फक्त एक प्रेत वाढलं असतं. मग कायदा कोणाकडून हौतात्म्याची मागणी करू शकतो का? मला अजूनही या प्रश्नाला धड उत्तर देता येत नाही.

शेवटी कबुली दुसऱ्याच कारणावरून परत पाठवली गेली. मानवतेविरुद्धचा गुन्हा आणि युद्धगुन्हा यांतला फरक त्याला कोणी नीट समजावलाच नव्हता. जानेवारी १९९८ मध्ये त्याने युद्धगुन्हा कबूल केला आणि ५ मार्च १९९८ ला त्याला ५ वर्षं झाली. सत्तर माणसं, पाच वर्षं. ऐकायला भयंकर वाटतं, मला माहितीये.

पण पारड्यात काय काय होतं बघा. वय, जिवाचा धाक, तो कसलाच अधिकारी नव्हता ही गोष्ट. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तपास अधिकाऱ्यांना ब्रान्येवोच्या शेताची माहितीच नव्हती. ती त्याने आपणहून दिली, तीही आधी पत्रकारांना, हेगला येण्यापूर्वी. पिलित्सा गावातल्या सभागृहात आणखी सुमारे ५०० माणसं मारली गेली, तिथे गोळ्या घालायला त्याने नकार दिला होता. तेही त्यानेच सांगितलं. सांगितलेल्या जागांवर तपास झाला. पुढे जनरल क्रस्टिच, मिलोशेविच, कराजिच यांच्या खटल्यांत तो साक्षीला उभा राहिला. म्हणजे निवेदनातले शब्द जमीन खणून तपासता येण्यासारखे होते. रडणं नव्हतं मोजलं जात. (तो रडलाही, पण तो भाग वेगळा.)

आता त्याच हत्याकांडातली आणखी दोन माणसं घेते. दोघेही बोस्नियन सर्ब सैन्यातले अधिकारी. मोमिर निकोलिच ब्रातुनात्स ब्रिगेडचा सुरक्षा आणि गुप्तवार्ता अधिकारी. द्रागान ओब्रेनोविच झ्वोर्निक ब्रिगेडचा प्रभारी प्रमुख. दोघांनी २००३ च्या मे महिन्यात कबुली दिली. दोघांच्याही बाबतीत अभियोग पक्षाने १५ ते २० वर्षं सुचवली. दोघांनीही माफी मागितली, दोघांनीही साक्ष दिली. निकाल डिसेंबर २००३ मध्ये आठ दिवसांच्या अंतराने लागले. ओब्रेनोविचला १७ वर्षं, निकोलिचला २७.

फरक भूमिकांचाही होता, हे लक्षात घ्यायला हवं. निकोलिचचा सहभाग चेंबरला अधिक सक्रिय वाटला. पण निकालपत्रात दोघांच्या बोलण्याबद्दल जे लिहिलंय ते शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे. ओब्रेनोविचने सांगितलं की हजारो निरपराध माणसं मारली गेली, मागे कबरी आणि निर्वासित उरले, आणि यातला माझा वाटा माझा आहे. युद्धात असं होतंच, वरून हुकूम होता, हे रडगाणं नाही. चेंबरने ते खरं मानलं, कारण त्याच्या साक्षीत आणि त्याने पुरवलेल्या कागदपत्रांत तोच सूर होता. निकोलिचची साक्ष मात्र ठिकठिकाणी टाळाटाळ करणारी वाटली.

निकोलिचची एक गोष्ट तर फारच विचित्र आहे. कबुलीच्या वाटाघाटी चालू असताना त्याने न केलेल्या गुन्ह्याचीही कबुली दिली होती! क्राविका गावातल्या गोदामातल्या हत्याकांडाचा हुकूम मीच दिला, असं तो म्हणाला. ते खोटं होतं, हे त्याने नंतर मान्य केलं. करार फिसकटू नये म्हणून जास्तीचं पाप अंगावर घेतलं. आपण सहसा धरून चालतो की आरोपी खोटं बोलला तर स्वतःला वाचवायलाच बोलणार. इथे सवलतीच्या आशेने माणूस स्वतःला अधिक काळं रंगवत होता. म्हणून कोर्टाला ‘जास्तीची’ कबुलीही तपासावी लागते.

आणि एक आडवाटेचा मुद्दा, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. अपिलात निकोलिचची शिक्षा २७ वरून २० वर आली, मार्च २००६ मध्ये. कारणं अनेक होती, त्यातलं एक दुभाष्याचं. त्याच्या वकिलाच्या अंतिम युक्तिवादात मृतांच्या आकड्यामागे ‘फक्त’ असा शब्द आल्याचं इंग्रजी भाषांतरात दिसत होतं आणि न्यायाधीशांनी त्यावर ताशेरे ओढले होते. मूळ भाषेत तो शब्दच नव्हता! कानाला हेडफोन लावून बसलेल्या न्यायाधीशांपर्यंत आरोपीचा पश्चात्ताप दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजात, दुसऱ्या भाषेत पोचतो. सूर, थांबणं, शब्द गिळणं, यातलं किती पोचत असेल कोण जाणे.

बरं, काहीच न बोलणाऱ्याचं काय? झाँ कंबांडा. १९९४ च्या वंशसंहाराच्या काळात रवांडाचा पंतप्रधान. १ मे १९९८ ला त्याने वंशसंहारासह सगळे आरोप कबूल केले. एका सरकारप्रमुखाने आंतरराष्ट्रीय कोर्टात वंशसंहार कबूल करण्याची ती पहिली वेळ. त्याने तपासालाही बरीच मदत केली होती. वकिलांना वाटत होतं की शिक्षा बरीच उतरेल. ३ सप्टेंबर १९९८ च्या सुनावणीत न्यायाधीशांनी त्याला विचारलं, काही सांगायचं आहे का. त्याने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जन्मठेप.

निकालात नोंद आहे की यात आपण स्वेच्छेने भाग का घेतला याचं त्याने काही स्पष्टीकरण दिलं नाही आणि संधी देऊनही खेद, पश्चात्ताप, मृतांबद्दल सहानुभूती यांपैकी काही व्यक्त केलं नाही. बोलला असता तर जन्मठेप टळली असती का? मला नाही वाटत. देशाचा पंतप्रधान, आणि गुन्हा वंशसंहार. ते पारडं चार वाक्यांनी हलणारं नव्हतं. पण मगाशी म्हटलं की गप्प राहणं शिक्षा वाढवत नाही. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे. तरी न्यायाधीशांनी तारखेसह ही नोंद का केली असेल, याचा विचार केला की तत्त्व आणि माणसाचं मन यांच्यात किती अंतर असतं ते कळतं.

दोष अमान्य करूनही दुःख व्यक्त करता येतं का? येतं. दुब्रोवनिक शहरावरच्या तोफमाऱ्याच्या खटल्यात निवृत्त जनरल पावले स्त्रुगार शेवटपर्यंत आपला दोष मानत नव्हता, पण मेलेल्यांबद्दल त्याने खेद व्यक्त केला. अपील चेंबरने २००८ मध्ये भेद स्पष्ट केला: सहानुभूती ही सवलतीची बाब होऊ शकते, पण पश्चात्ताप म्हणायचा तर थोडी तरी नैतिक जबाबदारी स्वतःकडे घ्यावी लागते. मराठीत आपल्याकडे हा भेद आधीच आहे. ‘वाईट झालं’ आणि ‘मी वाईट केलं’.

आता ज्या प्रकरणामुळे मला हा भाग करायचाच होता ते. बिलियाना प्लावशिच.

साराजेव्हो विद्यापीठात जीवशास्त्राच्या प्राध्यापक. युद्धाच्या काळात बोस्नियन सर्बांच्या सर्वोच्च नेत्यांपैकी एक, कराजिचच्या बरोबरीच्या. युद्धानंतर त्यांनी डेटन शांतता कराराला पाठिंबा दिला, कराजिचशी फारकत घेतली. जानेवारी २००१ मध्ये त्या स्वतःहून हेगला हजर झाल्या. आरोपपत्रात वंशसंहारही होता. ऑक्टोबर २००२ मध्ये त्यांनी एकच आरोप कबूल केला: छळ, म्हणजे धर्म, वंश, राजकारण यांवरून केलेला पद्धतशीर छळ, हा मानवतेविरुद्धचा गुन्हा. बाकीचे आरोप मागे घेतले गेले.

डिसेंबर २००२ मध्ये शिक्षेवर तीन दिवस सुनावणी झाली. साक्षीदार कोण, तर अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री मॅडेलीन ऑल्ब्राइट, स्वीडनचे माजी पंतप्रधान कार्ल बिल्ट, नाझी छळछावणीतून वाचलेले लेखक एली विझेल. आणि मग प्लावशिच बोलल्या. त्यांनी जे सांगितलं ते त्या न्यायाधिकरणात इतक्या वरच्या नेत्याने कधी सांगितलं नव्हतं. हजारो निरपराध माणसं एका संघटित, पद्धतशीर मोहिमेला बळी पडली, आणि ती मोहीम आमच्या नेतृत्वाने चालवली, ज्याचा मी एक भाग होते. तेव्हा मला हे स्वसंरक्षण वाटलं. मग त्यांनी स्वतःलाच विचारलं की मला आधी का दिसलं नाही? आणि उत्तर दिलं: भीती. पुन्हा कधी बळी व्हायचं नाही या ध्यासापायी आम्हीच दुसऱ्यांना बळी करणारे झालो.

ते निवेदन वाचताना आजही अंगावर काटा येतो. ते फार चांगलं निवेदन आहे. पण ते ऐकताना आणखी एक गोष्ट कोर्टापुढे होती: प्लावशिचबाईंनी इतर कोणाविरुद्ध साक्ष द्यायला नकार दिला होता. पहिला नियम आठवा, साक्ष न देणं त्यांच्याविरुद्ध धरता येत नव्हतं. अभियोग पक्षाने १५ ते २५ वर्षं मागितली. २७ फेब्रुवारी २००३ ला ११ वर्षं झाली.

कबुलीला इतकं वजन देताना चेंबरने एक नवं माप वापरलं: समेट. इतक्या मोठ्या पदावरच्या व्यक्तीने जबाबदारी स्वीकारली, तर बोस्नियातले समाज जवळ यायला मदत होईल, असा हिशेब. वय ७२, स्वतःहून हजर होणं, युद्धानंतरची वर्तणूक, हेही मोजलं. ऐकायला सगळं रास्त वाटतं. पण समेट ही पुढे व्हायची गोष्ट. एर्देमोविचचे शब्द जमीन खणून तपासता येत होते. समेट कुठे खणून बघणार?

त्या स्वीडनच्या हिन्सेबेर्ग तुरुंगात गेल्या. २००९ च्या सुरुवातीला एका स्वीडिश मासिकाला त्यांनी मुलाखत दिली. त्यात सांगितलं की मी काहीही चुकीचं केलेलं नाही. कबुली दिली ती बाकीचे आरोप मागे घ्यावेत म्हणून, नाहीतर खटला तीन-साडेतीन वर्षं चालला असता.

बस. हेगमधल्या त्या निवेदनाची अशी वासलात लागली.

आणि कायद्याला आता काय करता येत होतं? शिक्षा वाढवायला काहीच नाही. शिक्षा त्या दिवशीच्या पुराव्यावर दिलेली असते. पश्चात्ताप परत घेतला म्हणून ११ ची १८ करता येत नाही. उलट ऑक्टोबर २००९ मध्ये, दोन तृतीयांश शिक्षा भोगून झाल्यावर, न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांच्या मंजुरीने त्यांची मुदतपूर्व सुटका झाली. रिपब्लिका सर्प्स्काचं सरकारी विमान त्यांना घेऊन बेलग्रेडला आलं. स्वागताला मिलोराद दोदिक उभे होते, जे सात वर्षांपूर्वी शिक्षेच्या सुनावणीत त्यांच्या बाजूने साक्ष देऊन गेले होते. बोस्नियातल्या ज्या घरांतली माणसं गेली, त्यांनी हे टीव्हीवर पाहिलं. ज्या समेटासाठी वर्षं कमी केली, त्याचं काय झालं ते वेगळं सांगायला नको.

पुढे या न्यायाधिकरणाचं उरलेलं काम बघणाऱ्या यंत्रणेत, अध्यक्ष कार्मेल अजियुस यांच्या काळात, मुदतपूर्व सुटकेचे निकष कडक झाले. कैद्याने जबाबदारी खरंच स्वीकारली आहे का, हे सुटकेच्या वेळीही पुन्हा बघायला लागले. माझ्या मते हीच तपासणीची योग्य जागा आहे. शिक्षेच्या दिवशी माणसाकडे गमावण्यासारखं सगळं असतं, त्या दिवशीच्या बोलण्यावरून त्याचं मन ओळखणं कुठल्याच न्यायाधीशाला जमायचं नाही. वर्षानुवर्षं तुरुंगात काढल्यावर तो काय बोलतो, ते जास्त सांगून जातं. अर्थात तिथेही सुटकेची लालूच असतेच.

शेवटचा माणूस कंबोडियाचा. काइंग ग्वेक एव, ज्याला जग ‘दुच’ म्हणून ओळखतं. पूर्वी गणिताचा शिक्षक, नंतर ख्मेर रूजच्या राजवटीत नोम पेन्हमधल्या एस-२१ तुरुंगाचा प्रमुख. तिथे पाठवलेल्यांपैकी किमान १२,२७२ माणसं मारली गेली. बहुतेकांकडून आधी छळ करून कबुलीजबाब लिहून घेतले होते. (कबुलीजबाब लिहून घेणाऱ्याच्या कबुलीचा खटला. असो.)

२००९ मध्ये खटला सुरू झाला आणि दुचने पहिल्याच दिवसांत माफी मागितली. पुढचे कित्येक महिने तो मागत राहिला, तपशील सांगत राहिला, कागद ओळखत राहिला. त्याचे फ्रेंच वकील फ्रान्स्वा रू यांनी सगळा बचाव याच पायावर उभा केला: दोष मान्य, पश्चात्ताप खरा, शिक्षा कमी करा. आणि मग २७ नोव्हेंबर २००९, शेवटचा दिवस. दुच उभा राहिला आणि म्हणाला, मला सोडून द्या. त्याच्या कंबोडियन वकिलाने तोच धागा धरला होता, की हा वरिष्ठ नेता नव्हताच, या कोर्टाचा याच्यावर अधिकार नाही. न्यायाधीशांनी मुद्दाम विचारून खात्री केली की निर्दोष मुक्तताच मागताय ना. हो, तीच.

आठ-नऊ महिन्यांच्या माफीवर एका दुपारीत बोळा फिरला. जुलै २०१० च्या निकालात चेंबरने लिहिलं की त्याच्या पश्चात्तापाचा परिणाम या मागणीमुळे कमी झाला. तरी शिक्षा ३५ वर्षांची झाली, ४० मागितली होती. त्यातली पाच वर्षं पूर्वीच्या बेकायदा कोठडीबद्दल कमी, ११ भोगून झालेली, म्हणजे उरली १९. मी सहज हिशेब केला: ३५ वर्षांचे दिवस होतात १२,७७५. माणशी साधारण एक दिवस. उरलेल्या १९ वर्षांनी भागलं तर जेमतेम अर्धा. एस-२१ मधून जिवंत राहिलेल्या मोजक्या माणसांपैकी चुम मेय यांनी कोर्टाबाहेर येऊन उघड संताप व्यक्त केला. फेब्रुवारी २०१२ मध्ये अपिलात, खालच्या चेंबरने सवलतींना फार वजन दिलं आणि गुन्ह्याच्या गांभीर्याला कमी, असं म्हणत जन्मठेप झाली.

त्या माफीचं पुढे काय झालं ते मात्र बहुतेकांना माहीत नसतं. पीडितांच्या कुटुंबांनी नुकसानभरपाई म्हणून बऱ्याच गोष्टी मागितल्या होत्या. स्मारक, उपचार, मुलांचं शिक्षण. दुचकडे पैसे नव्हते. कोर्टाने दोनच गोष्टी मान्य केल्या. निकालात पीडितांची नावं घालायची, आणि खटल्याभर दुचने व्यक्त केलेली सगळी क्षमायाचना एकत्र करून प्रसिद्ध करायची. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानेही पुढे असंच काहीसं केलं. टिंबक्टूतल्या जुन्या दर्गे-कबरी पाडणाऱ्या अहमद अल महदीला २०१६ मध्ये ९ वर्षं झाली, तेव्हा कबुली, मदत आणि पश्चात्ताप तिन्ही मोजले. नंतर भरपाईच्या आदेशात त्याच्या माफीचा व्हिडिओ न्यायालयाच्या वेबसाइटवर ठेवायला सांगितला, टिंबक्टूच्या लोकांच्या भाषांतल्या प्रतींसकट. तिथे निदान २७ लाख युरोंची भरपाईही ठरली होती.

कंबोडियात पैसा नव्हता. अपिलातही यादी वाढली नाही. दुच २ सप्टेंबर २०२० ला वारला. एस-२१ मध्ये ज्यांची माणसं गेली त्यांच्या हातात कोर्टाने ठेवला तो त्याच्या माफ्यांचा संग्रह. त्या माफ्या मागणाऱ्याचं शेवटचं म्हणणं होतं, मला सोडून द्या.